सोसिओच्या मापाची शिडी

सेझारिओ मेस्त्रीनं सोसिओचा मुडदा पाडला असं माझ्यासमोर कुणी म्हणालं, की मी त्याच्या थोबाडीत देतो. आजवर दोघांना दिलीय. एकाचा दात पडला, तो अजून मला बघून रस्ता बदलतो. बदलू दे. मेस्त्रीचं नाव त्यानं तोंडात घेतलं नाही म्हणजे झालं.

मेस्त्री इटलीतल्या आमच्या चेझा गावात शिड्या करायचा. अंगानं किरकोळ, कानाच्या पाळीवर कायम लाकडाचा भुसा, बोलणं अगदी कमी. एखाद्यानं फार बडबड केली तर म्हणायचा, “तू बोल बाबा, माझं लाकूड सुकतंय.” पण आमच्या जिवाची दोरी त्याच्या हातात होती.

आमच्याकडं द्राक्षाचा वेल मांडवावर नसतो. पॉप्लरच्या झाडाला धरून तो वर जातो, सात-आठ माणसं एकावर एक उभी केली तरी हात पोचणार नाही इतका वर, आणि या झाडावरून त्या झाडावर पसरून हिरवी भिंत उभी करतो. त्या द्राक्षाची आमची पांढरी वाईन. गोडाचं नाव नाही तिच्यात. बाहेरचा माणूस पहिल्या घोटालाच डोळे मिटतो नि दात चाटत बसतो. आम्ही ती घराखालच्या दगडी भुयारात ठेवतो आणि तळलेल्या मासळीबरोबर पितो, आम्हाला काही होत नाही.

तर ही द्राक्षं तोडायची कशी? शिडी अरुंद, एका गड्याला खांद्यावर नेता येईल एवढीच, पण चार मजली घराइतकी उंच. वर गेलं की दोन्ही हात कामात. एका हातात कोयता, दुसऱ्यात घड, तो टोकदार बुडाच्या टोपलीत टाकायचा आणि टोपली दोरानं खाली सोडायची. मग स्वतःला धरायचं कशानं? गुडघ्यानं. एक पाय पायरीच्या आतून घालायचा, गुडघा अडकवायचा आणि हात सोडून द्यायचे. म्हणून प्रत्येकाची शिडी त्याच्या त्याच्या पायाची. मेस्त्री टाचेपासून गुडघ्यापर्यंत दोरी लावायचा, गाठ मारायचा, आणि त्या गाठीच्या हिशेबानं पायऱ्या ठोकायचा. दोन बोटांचा फरक पडला की गुडघा सुटतो, माणूस खाली. दुसऱ्याच्या शिडीवर चढणं म्हणजे दुसऱ्याचे दात लावून जेवायला बसणं.

फक्त मी आणि सोसिओ एका मापाचे होतो. एकदा तोडणीत त्याची शिडी मी नेली, माझी त्यानं, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनाही पत्ता नव्हता. मेस्त्री खूप हसला होता त्या दिवशी. सोसिओ तेव्हा बरा होता. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मेस्त्रीची एकुलती एक पोर कार्मोझिना. ती दिली होती सोसिओच्या धाकट्या भावाला, एल्पिदिओला. बाप मेल्यावर या भावांच्या शेताचे दोन तुकडे झाले आणि मधोमध वेलीची एक जुनी ओळ राहिली. ज्या बाजूला घड लोंबेल त्या बाजूचा तो मालक, असं बाप सांगून गेला होता. सांगणारा गेला नि भांडण ठेवून गेला. सोसिओ हिवाळ्यात गुपचूप कोवळे फाटे आपल्या बाजूला ओढून बांधायचा. एल्पिदिओ ते कापायचा. शिव्या तर रोजच्याच.

दुसरी मोठी लढाई संपून सहा-सात वर्षं झाली असतील. त्या तोडणीत दोघं भाऊ एकाच वेळी चढले, हा इकडून, तो तिकडून, मध्ये वेलाची भिंत. पानं दाट. डोळ्यांनी कुणी काही पाहिलं नाही, ऐकलं मात्र सगळ्यांनी.

“हात काढ तिथून!”

“हात माझ्या बाजूला आहे!”

“काढ म्हणतो ना, भाडखाऊ!”

मग कोयत्यावर कोयता आपटल्याचा आवाज. मग एल्पिदिओची किंकाळी, आणि वरून आधी दोन बोटं पडली, मग तो. जागीच गेला. बोटं माझ्या टोपलीत, द्राक्षांवर पडली. खोटं सांगत असेन तर जीभ झडो.

पोलीस आले. सोसिओ म्हणाला, “भावाचा तोल गेला, सावरताना स्वतःचाच कोयता लागला.” पानांआडचं कोण सांगणार? चार-पाच महिन्यांत तो सुटून घरी आला, अंगानं सुटलेला.

कार्मोझिना त्याच दिवशी कुऱ्हाड घेऊन त्याच्या अंगणात शिरली. तो दार लावून आत बसला, तेव्हा तिनं भिंतीला टेकवलेली त्याची शिडी तोडली. एक पायरी शिल्लक ठेवली नाही. “बाहेर ये, भावजी! ही झाली, आता तुझे पाय!” असं ओरडत होती. आम्ही चौघांनी तिला उचलून आणलं. मला अजून तिच्या चाव्याची खूण आहे, ही बघा, मनगटावर.

पुढची तोडणी तोंडावर आली आणि हा निर्लज्ज मेस्त्रीच्या दारात येऊन उभा राहिला. माझी एक पायरी ढिली झाली होती, म्हणून मी तिथंच होतो.

“मेस्त्री, शिडी पाहिजे.”

“दुसरीकडं जा.”

“दुसरीकडं कुठं? तुझ्या पोरीनं तोडली, तू करून दे.” आणि त्यानं म्हाताऱ्याची गचांडी धरून त्याला खांबावर आपटलं. मी मध्ये पडलो तर माझ्या पोटात लाथ. मी खाली बसून ओकत होतो, आणि मेस्त्रीनं काय करावं? खिशातून दोरी काढली. म्हणाला, “पाय दे.”

ज्यानं जावई मारला त्याचा पाय मांडीवर घेऊन म्हाताऱ्यानं माप घेतलं. गाठ दोनदा तपासली. मला त्या क्षणी मेस्त्रीचाच राग आला.

सोसिओ गेला आणि आतून कार्मोझिना आली. सगळं ऐकलं होतं तिनं.

“आबा, दोन बोटं.”

“काय?”

“दोन बोटं कमी ठोका. वरच्या पायऱ्यांना. कुणाला कळणार नाही.”

“माझ्या हातून होणार नाही, पोरी.”

“त्यानं माझा नवरा मारला!”

“ठाऊक आहे.”

“मग तुमच्या हाताला काय महारोग झालाय?” तिनं लाकूड तासायचा वाकस उचलला आणि बापाच्या गळ्याला लावला. मी धावलो. मेस्त्री हललासुद्धा नाही. “हवं तर मार,” म्हणाला. “पण शिडीवर चढणारा माझ्यावर भरवसा टाकून चढतो. तो कोण आहे ते मी बघत नाही.” तिनं वाकस फेकला आणि बापाच्या तोंडात मारली. सणसणीत. मग तिथंच खाली बसून त्याच्या पायाला मिठी मारून रडली. म्हातारा तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिला, हो म्हणाला नाही, पुन्हा नाहीही म्हणाला नाही. तेवढ्या न बोलण्यानं पुढचा सगळा घोळ झाला.

आमच्यात एक रीत आहे. नवी शिडी पहिल्यांदा चढताना मेस्त्रीनं खाली बुडाशी उभं राहायचं, दोन्ही हातांनी धरून. चढणारा पडला तर मेस्त्रीवर पडावा, असा त्याचा अर्थ.

सोसिओनं शिडी लावली नेमकी त्याच भांडणाच्या ओळीला. सगळं गाव तोडणी टाकून जमलं. कार्मोझिना काळ्या कपड्यात, हाताची घडी घालून समोर उभी. तोंडावर हसू. ते हसू बघून मलाही शंका आली, म्हाताऱ्यानं खरंच तिचं ऐकलं की काय?

सोसिओ चढला. निम्म्यावर थांबला. खाली बघितलं, मेस्त्रीकडं, मग तिच्याकडं.

“काय झालं, भावजी?” ती गोड आवाजात म्हणाली. “गुडघा अडकवा की!”

कुणीतरी हसलं. सोसिओ आणखी वर गेला, पण हातांनी लटकत, गुडघा न अडकवता. इतका अनुभवी गडी, पण शिडीवर विश्वास नाही म्हटल्यावर पाय आत घालायची हिंमत कुठून आणणार? टोकाशी जाऊन ओरडला, “मेस्त्री! किती बोटं खाल्लीस?”

“शिडी बरोबर आहे,” मेस्त्री खालून म्हणाला. “गुडघा घाल. हात सोड.”

“खोटं बोलतोस, म्हाताऱ्या!”

“गुडघा घाल, सोसिओ! हात दमतील!” मेस्त्रीला इतकं मोठ्यानं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. अक्षरशः गयावया करत होता तो.

“घाला की, भावजी,” कार्मोझिना म्हणाली. “माझ्या दादल्याचाही गुडघा पक्का बसला होता. तुम्ही बोटं कापलीत म्हणून सुटला.”

सोसिओचा चेहरा पांढरा पडला. त्यानं घाईघाईनं उतरायला पाय खाली टाकला, पायरी हुकली, हात सुटला. मी ओरडलो, “मेस्त्री, बाजूला हो!” वेळ होता. देवाशपथ वेळ होता. म्हाताऱ्यानं वर बघितलं आणि शिडी आणखी घट्ट धरली.

सोसिओची मान तिथंच मोडली. त्याच्याखालून मेस्त्रीला ओढून काढलं, तर छाती आत गेलेली, तोंडातून फेस नि रक्त. मी त्याचं डोकं धरलं. “दोनातो,” मला म्हणाला, “माप बघ.” एवढंच. मग गेला. मी लहान पोरासारखा रडलो, सांगायला कसली लाज?

दोघांना पुरून आलो आणि गावात काय चालू होतं, ऐका. भुयारात बसून वाईन पीत जो तो म्हणत होता, “शाबास मेस्त्री! पोरीच्या नवऱ्याचा सूड घेतला. स्वतःचा जीव दिला, पण सोडलं नाही.” कौतुक करत होते हो! त्यांच्या मते हा मान होता. पहिली थोबाडीत मी तिथं दिली.

“चला,” म्हटलं, “सगळे चला. सोसिओचा नि माझा पाय एक आहे. मी चढून दाखवतो.”

शिडी तशीच ओळीला टेकलेली होती, बुडाशी रक्त वाळलेलं. या वेळी धरायला मेस्त्री नव्हता. कार्मोझिना तिथं आधीच येऊन बसली होती. मी चढलो. भीती वाटली का? वाटली की. पोरीनं एखाद्या रात्री काही केलं असलं तर? पण मेस्त्रीनं माप बघ म्हटलं होतं. टोकाशी गेलो, पाय आत घातला, डोळे मिटले आणि दोन्ही हात सोडले.

गुडघा जागच्या जागी बसला. केसभर फरक नाही. मी कोयता काढला, घड कापले, टोपली भरली, खाली सोडली. “बघा, हरामखोरांनो!” असं वरून ओरडलो. “बघा मेस्त्रीचं काम!”

उतरलो तर एक म्हातारा डोळा मारून म्हणतो, “रात्रीतून बरी दुरुस्त केलीस रे.” दुसरी थोबाडीत ती. दात त्याचाच पडला.

लोक पांगले. कार्मोझिना उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, आभार मानेल. तिनं दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला सुरुवात केली.

“पडला का नाहीस? पडायचं होतंस ना रे, मेल्या! जरासं हलायचं तरी होतंस!”

“कार्मोझिना, तुझा बाप खरा होता.”

“मला नको होता खरा!” ती किंचाळली. “माझ्यासाठी केलं असं मी धरून बसले होते. आता काय धरू?”

मी तिला मारू दिलं. दमेपर्यंत.

ती ओळ आता तिची आहे, आणि तोडतो मी, सोसिओच्याच शिडीवरून. दर तोडणीला ती खाली टोपल्या घ्यायला येते. नवी कुणी बाई कामाला असली की तिला सांगते, “माझ्या आबांनी माझ्यासाठी दोन बोटं कमी ठोकली होती.” मी वर असतो, तिच्या बापानं ठोकलेल्या पायरीत गुडघा अडकवून, दोन्ही हात मोकळे. सगळं ऐकू येतं.

तिला मी काही बोलत नाही.