बिनधुराचा स्टोव्ह

आम्ही स्टोव्ह घेतल्याचं मी बाबांना पत्रातून कळवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आला तो पितळी, पंप मारायचा, रॉकेलचा स्टोव्ह. उलट टपाली विचारणा आली, "तिकडे रॉकेल मिळतं का? पिना पाठवू का?" मी हसून हसून बेजार झाले. मग नवऱ्याने आमच्या स्टोव्हचं चित्र काढून पाठवलं. ओतीव लोखंडाची काळी पेटी, चार आखूड पाय, पुढे काचेचं दार आणि मागून निघून जुन्या धुराड्यात शिरणारा नळा. त्यावर बाबांचं एका ओळीचं उत्तर आलं. "म्हणजे छोटा बॉयलरच की."

कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात बाबांनी तीस वर्षं बॉयलरवर काढली होती. जगातली कुठलीही गरम वस्तू त्यांच्या लेखी एकतर छोटा बॉयलर असायची, नाहीतर मोठा.

साल सत्त्याऐंशी. आम्ही इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या बाहेर, बसने वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात राहायचो. नवरा कॉम्प्युटर कंपनीत, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. घर जुनं, विटांचं, बाहेरून देखणं आणि आतून गारठलेलं. खेड्यात गॅसची लाइन नव्हती. रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणारे हीटर होते. सकाळी आम्ही कामाला निघायचो तेव्हा ते मस्त गरम असायचे आणि संध्याकाळी परत यावं तर थंडगार. आदल्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून फोडण्या दिल्या आहेत.

मग ऑक्टोबरात ते मोठं वादळ झालं. सकाळी उठून बघतो तर आमच्या रस्त्यावरची निम्मी झाडं आडवी. पुढचे कित्येक आठवडे जिकडे तिकडे यांत्रिक करवतींची घरघर. ज्याला त्याला अंगणातलं लाकूड हलवायचं होतं. "घेऊन जा, फुकट!" लोक हात जोडायचेच बाकी होते. फुकट हा शब्द कानावर पडला की माझ्या नवऱ्याला पुढचं काही ऐकू येत नाही. चार शनिवारांत आमच्या मागच्या अंगणात बीच, ओक आणि ॲश या झाडांच्या ओंडक्यांचा डोंगर उभा राहिला. त्यावर निळी ताडपत्री घट्ट बांधून टाकली आणि त्या लाकडासाठी म्हणून स्टोव्ह आला. नालेसाठी घोडा म्हणतात ना, अगदी तसंच. इथे नाल फुकट मिळाली म्हणून आम्ही घोडा विकत घेतला.

तो हिवाळा मी विसरणार नाही. लाकूड पेटायचं कमी आणि फुसफुसायचं जास्त. ओंडक्यांच्या टोकांतून पाण्याचे बुडबुडे यायचे. आठवड्याभरात काच काळीकुट्ट झाली. नवरा रोज झोपण्याआधी दोन मोठे ओंडके आत कोंबायचा आणि हवेची झडप पार बंद करायचा, म्हणजे म्हणे सकाळपर्यंत धग राहील. सकाळी आत अर्धे जळलेले काळे ओंडके आणि घरभर धुरकट वास. लॅबमधली माझी मैत्रीण एकदा म्हणाली, "तुझ्या केसांना धुरात वाळवलेल्या माशांचा वास येतोय." शाकाहारी बाईला हे ऐकावं लागलं.

शेजारी एक बाई एकट्या राहायच्या. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, बागेत हातमोजे घालून काम करणाऱ्या. जाता-येता "मॉर्निंग" याच्या पलीकडे आमचं बोलणं नव्हतं. एका सकाळी त्यांनी दार वाजवलं. हातात घडी घातलेली पांढरी चादर. त्यांनी ती सावकाश उलगडली. त्यावर काळे ठिपके होते, जणू कुणी मिरी उधळली असावी.

"ही मी काल सकाळी धुतली होती," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी चादर परत धुऊन देते म्हटलं. "नको," त्या म्हणाल्या, "कुठे वाळत घालणार?" आणि निघून गेल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि भिंतीतून लॉरी जावी तसा आवाज सुरू झाला. घरातून बाहेर धावले तर धुराड्याच्या तोंडातून हातभर ज्वाळा. नवरा अंगणात नुसताच उभा होता, हातात लाटणं घेऊन. ते त्याच्या हातात कसं गेलं हे आम्हा दोघांनाही आजतागायत कळलेलं नाही. अग्निशमन दलाला फोन शेजारच्या बाईंनीच केला होता. त्या लोकांनी आग विझवली, मग धुराड्यातून बादलीभर काळं, चकाकतं, डांबरासारखं काहीतरी खरवडून काढलं आणि आमच्या पायाशी ठेवलं. त्यांच्यातला वरिष्ठ म्हणाला, "ओलं लाकूड. या वर्षी हे फार बघतोय आम्ही."

धुराडं साफ करणारा माणूस आला, त्याने आतून पोलादी नळी बसवून दिली. पण मी सांगून टाकलं, यात आता काडी पडणार नाही. स्टोव्हवर मी मनी प्लांटची कुंडी ठेवली.

त्या सप्टेंबरात बाबा आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, नोकरी संपली होती आणि धाकट्या भावाकडे ते दिवसभर खुर्चीत बसून असतात असं कळत होतं. इथेही पहिला आठवडा ते खिडकीशी बसून राहिले. जेवायला हाक मारली की उठायचे, "छान झालंय" म्हणायचे, परत खिडकीशी. मला भीती वाटायला लागली की मी त्यांना एका खुर्चीतून उचलून फक्त दुसऱ्या खुर्चीत बसवलंय.

आठव्या दिवशी मी कामावरून आले तर निळी ताडपत्री अंगणात पसरलेली आणि बाबा कंबरेवर हात ठेवून ओंडक्यांकडे बघत उभे.

"काय गं, लाकडाचं लोणचं घातलंय का तुम्ही?"

आतल्या ओंडक्यांवर खरोखरच भूछत्रं उगवली होती. बाबांनी दोन ओंडके उचलून एकमेकांवर आपटले. भद्द आवाज आला. मग ढिगाच्या कडेला पडलेल्या, वारा लागलेल्या दोन बारक्या फांद्या आपटल्या. टण्ण.

"ऐकलंस? हे वाळलेलं, ते ओलं. कानाला कळतं. फोडलेल्या लाकडाच्या टोकाला भेगा पडल्या की समजायचं, आता होईल तयार." तेवढ्यात नवराही आला. बाबांनी त्याला समोर उभं केलं. "जावईबापू, ओला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, भट्टीत गेला की आमच्या वाफेचा दाब पडायचा. आग बिचारी आधी पाणी उकळत बसते. घर कधी तापवणार ती?"

"पण बाबा, जास्त वेळ टिकावं म्हणून मी हवाही बंद करत होतो."

"गळा दाबल्यावर जास्त जगतं का कोणी?" बाबा म्हणाले. "अहो, धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. ते तुमच्या धुराड्याला चिकटलं आणि उरलेलं शेजारणीच्या चादरीवर गेलं."

चादरीची गोष्ट त्यांना मी फोनवर सांगितली होती. विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुऱ्हाड आणि पाचर घेतली. मुलगी म्हणून मी ओरडले, वयाची आठवण करून दिली. "बसून मरण्यापेक्षा बरं," एवढंच म्हणाले. ओंडके फोडून त्यांनी कुंपणाकडेने थप्पी रचली. खाली फळ्या, जमिनीचा स्पर्श नको. बाजू उघड्या, वारा खेळायला हवा. ताडपत्री फक्त डोक्यावर, टोपीसारखी. ॲश म्हणजे इंग्रजीत राखही, हे कळल्यावर ते खूश झाले. "झाडाचं नावच राख ठेवलंय. इंग्रज माणूस सरळ मुद्द्यावर येतो." पण हे सगळं लाकूड यंदा जाळायचं नाही, पुढच्याही हिवाळ्यात बघून, असा त्यांनी हुकूम काढला.

"मग यंदा काय जाळायचं?"

बाबांनी कुंपणापलीकडे बोट दाखवलं. शेजारच्या बाईंच्या शेडची एक फळी तुटली होती आणि आत छतापर्यंत रचलेलं लाकूड दिसत होतं. राखाडी पडलेलं, टोकांना चांदणीसारख्या भेगा गेलेलं. "ते बघ. सोनं आहे."

मी म्हटलं, "बाबा, त्या बाईंकडे आपण काही मागायचं नाही." ते "बरं" म्हणाले आणि पाच मिनिटांनी मला बाईंच्या बागेच्या फाटकाचा आवाज ऐकू आला. मी धावत मागे गेले.

बाबा टोपी हातात घेऊन उभे होते आणि कारखान्यातल्या इंग्रजीत बोलत होते. "मॅडम. युवर वुड. फर्स्ट क्लास."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "माझ्या नवऱ्याने रचलंय," त्या म्हणाल्या. "तो गेल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही. घरात तेलाचं हीटिंग करून घेतलं."

"माय वाइफ ऑल्सो एक्स्पायर्ड," बाबा म्हणाले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. इकडे एक्स्पायर होतात ते दुधाचे डबे. पण बाईंना काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी हातमोजे काढले. "तुम्ही चहा घेता का?"

चहा झाला, आणि मग सौदा. एका वाळलेल्या ओंडक्याला दोन फोडलेले ओले ओंडके, बाबांनी त्यांच्या शेडमध्ये नीट रचून द्यायचे. बाईंची एकच अट होती. "आधी मला तुमचं धुराडं बघायचंय. धूर दिसला तर लाकूड परत."

परीक्षेच्या दिवशी, म्हणजे एका स्वच्छ शनिवारी सकाळी, बाईंनी मुद्दाम सगळ्या पांढऱ्या चादरी धुऊन दोरीवर घातल्या. बाबांनी माझा मनी प्लांट उचलून खिडकीत ठेवला. स्टोव्हमध्ये तळाला जाड लाकूड, त्यावर मध्यम, सगळ्यात वर ढलप्या, आणि काडी वरून लावली. नवरा म्हणाला, "उलटं नाही का होत हे?" बाबांनी हवेची झडप पूर्ण उघडी ठेवली आणि काचेसमोर उकिडवे बसले. ज्वाळा वरून खाली, लाकडामागून लाकूड धरत उतरत गेली. खालून निघणारा धूर वरच्या आगीतच जळून जात होता. सुरुवातीला धुराड्यातून एक पांढरी रेघ निघाली तेव्हा बाबा धावत अंगणात गेले. "फाइव्ह मिनिट्स, मॅडम! ओन्ली स्टार्टिंग!"

पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाई आणि बाबा हिरवळीवर शेजारी शेजारी उभे, माना वर करून. धुराड्याच्या तोंडावर हवा फक्त थरथरत होती, उन्हात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी. त्यापलीकडे निळं आभाळ.

"पेटलाय का तो?" बाईंनी विचारलं.

"कम्प्लीट कम्बश्चन," बाबा म्हणाले. इतक्या अभिमानाने त्यांनी माझा दहावीचा निकालही सांगितला नव्हता.

त्या हिवाळ्यात आमचं घर पहिल्यांदा घर झालं. संध्याकाळी तीन-चार ओंडके पुरायचे. लहान, पण जोरदार आग. ती संपली की संपली, रात्रभर धुमसत ठेवायची नाही. सकाळी तळाशी बोटभर राख राहू द्यायची, बाकी बाईंच्या गुलाबांना. काच काळी पडू लागली की बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणायचे, "हवा द्या, जावईबापू." स्टोव्हच्या पाठीवर माझी आमटी मंद शिजायची, आणि गुरुवारी बाई त्यांचं विणकाम घेऊन यायच्या. बाबा त्यांना मराठीत वाफेचं शास्त्र समजावायचे, त्या इंग्रजीत गुलाबांबद्दल बोलायच्या, आणि दोघांचंही समाधान व्हायचं. खिडकीजवळची खुर्ची आम्ही हळूच वरच्या खोलीत नेली. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही.

मार्चमध्ये ते परत गेले. जायच्या आधी त्यांनी एका पुठ्ठ्यावर मराठीत सूचना लिहून स्टोव्हशेजारी टांगल्या. बाईंनी माझ्याकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं, दोन महिन्यांनी आपलं तेलाचं हीटिंग निम्म्यावर आणलं आणि नवऱ्याची जुनी शेगडी काढून आमच्यासारखाच स्टोव्ह बसवला. वर्षातून एकदा धुराडं साफ करणारा माणूस यायचा तो आधी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे. तो म्हणायचा, तुमच्या दोन घरांत मला काही कामच उरत नाही.

बाबांनी फोडलेलं लाकूड नव्वदच्या हिवाळ्यात जाळण्याजोगं झालं. मी फोनवर दोन ओंडके आपटून त्यांना ऐकवले. "झालं," पलीकडून आवाज आला, आणि मग नेहमीची चौकशी, जेवलीस का, तब्येत कशी आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी शेजारच्या बाई एका ग्रुपबरोबर भारत बघायला निघाल्या. आग्रा, जयपूर, सगळं ठरलेलं. मुंबईत त्यांनी ग्रुप सोडला, एकट्या रात्रगाडीने कोल्हापूरला गेल्या आणि ऐन गळीत हंगामात बाबांबरोबर कारखाना बघून आल्या. मला हे बाबांच्या पत्रातून कळलं. बाईंना आपण सगळं दाखवलं, मॅनेजरसाहेबांनी स्वतः चहा पाजला, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली वेगळ्या शाईत एक तक्रारही होती. फाटकाबाहेरच्या गुऱ्हाळात बाईंनी बर्फ घातलेला उसाचा रस तीन ग्लास प्यायला, त्यांना काहीच झालं नाही, आणि त्यांना सोबत म्हणून अर्धा ग्लास प्यायलेले बाबा मात्र चार दिवस सर्दीने अंथरुणात होते.