ऊन उभ्या माणसाला लागतं

मे महिन्यातला रविवार, जेवणं नुकतीच झालेली. स्थळ: मुलीचं घर, बदलापूर पश्चिम. हजर: मुलगी, जावई, व्याह्यांच्या मिसेस, आमचे हे (जेवणानंतर आडवे, पण हात वर करून मत देण्याइतके जागे) आणि मी. विषय: माझ्या व्याह्यांची भर दुपारची स्कूटर बंद करणे. गैरहजर: व्याही. त्यांना आम्हीच बर्फ आणायला पाठवलं होतं.

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात सूर्याला ज्याने एकदाही वाट करून दिलेली नाही असा माणूस एकच, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. बाकीचे आम्ही मार्च संपला की शरण जातो. खिडक्यांना जुन्या चादरी बांधतो, माठ भिजवतो, आणि प्रत्येक कामाला ‘उन्हं उतरली की बघू’ असं म्हणतो. माझे व्याही मात्र बाराच्या ठोक्याला, उल्हासनगरातल्या त्यांच्या कॅम्प चारमधली कुत्रीसुद्धा हातगाड्यांखाली शिरलेली असतात तेव्हा, स्कूटर बाहेर काढतात. सगळी नोकरी शहाडला एका कारखान्यात बॉयलरवर झाली. त्यामुळे आपल्याला ऊन लागूच शकत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं आहे. "बॉयलरसमोर उभं राहिलेल्या माणसाला मे महिना म्हणजे काय, विहीणबाई? नळाचं कोमट पाणी."

उन्हाबद्दल त्यांचा एक मुख्य सिद्धांत आहे. ऊन उभ्या माणसाला लागतं, चालत्याला नाही. उन्हालाही नेम धरावा लागतो, आपण हलत राहिलो की नेम चुकतो. त्यामुळे व्याही घराबाहेर पडले की थांबत नाहीत. सिग्नल लाल झाला की गाडी डावीकडे घेऊन जवळच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला लागतात. पेट्रोल पंप असो, रिकामा रिक्षास्टँड असो, मंडपवाल्याने खांब रोवून ठेवलेलं मैदान असो, त्यांना काहीही चालतं. हिरवा लागला की पुन्हा रस्त्यावर. अंबरनाथच्या एका चौकातला हवालदार पहिल्या वेळी त्यांच्यामागे चालत गेला आणि म्हणाला, "काका, काही पडलंय का तुमचं?" व्याह्यांनी फिरता फिरताच उत्तर दिलं, "पडलं नाय, पडू नये म्हणून फिरतोय." तेव्हापासून तो त्यांना नमस्कार करतो आणि तोंड दुसरीकडे फिरवतो.

आमच्या इमारतीतही ते दुपारी वर येत नसत. मी अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली आवारात हॉर्न वाजला की मी खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची. पिशवी लोंबत राहायची आणि व्याही तिच्याभोवती गोल फिरायचे. एका फेरीत कढीपत्ता आत पडायचा, पुढच्या फेरीत कुकरची रिंग, त्याच्या पुढच्या फेरीत निरोप. निरोपाची पंचाईत अशी, की गाडी पाण्याच्या टाकीमागे गेली की आवाज बंद व्हायचा. एकदा खालून ऐकू आलं, "विहीणबाई, तुमच्या मुलीला अॅडमिट..." आणि गाडी टाकीमागे. मी चपला घातल्या, पर्स घेतली, ह्यांना उठवलं, तोवर गाडी पुढून आली, "...कार्ड मिळालं परीक्षेचं. सेंटर कल्याणला आहे." बँकेतल्या बढतीची परीक्षा होती. तेव्हापासून मी त्यांना सांगून ठेवलं होतं की वाक्य मोठं असेल तर टाकीच्या अलीकडे संपवायचं.

पोशाखाचा दुसरा सिद्धांत. ते भर उन्हात हाफ स्वेटर घालतात, तपकिरी, मिसेसनी विणलेला. कोणी विचारलं की उलट विचारतात, "थर्मासला कोट कशाला असतो? आतला बर्फ वितळू नये म्हणून ना? मग?" हेल्मेटखाली ओला पंचा. खिशात कांदा, हे तर आपल्याकडे सगळेच करतात. पण हे एक कांदा डिकीतही ठेवतात, गाडीसाठी. गाडीला ऊन लागतं यावर त्यांचा विश्वास आहे, स्वतःला लागतं यावर नाही. सीटवर ओलं गोणपाट. मागे बसणाऱ्याची त्यात सोय आहे, पण उतरल्यावर नाही. मी एकदा त्यांच्या मागे बसून उल्हासनगरला एका बारशाला गेले होते, आणि तिथे संपूर्ण वेळ भिंतीला पाठ लावून उभी होते. बाळाला पाळण्यात घालायला बोलावलं तेव्हा मी भिंतीभिंतीनेच गेले. व्याह्यांच्या घराशेजारी कपड्याचं दुकान असलेले सिंधी शेठ आहेत, ते रोज दुकानातून ओरडतात, "दादा, इतनी धूप में कहाँ? बैठो ना, थादल पियो." थादल म्हणजे बदाम-खसखस वाटून केलेलं त्यांच्याकडचं उन्हाळ्याचं थंड सरबत. व्याही गाडीवरूनच हात हलवतात, "शेठ, आप पियो. आपका धंदा बैठने का है."

आता हे सगळं चाललं असतं. पण एप्रिलमध्ये व्याही बदलापूरच्या रस्त्यावर पडले. भोवळ आली, स्कूटर आडवी झाली, कोपर सोलपटलं. रिक्षावाल्यांनी सावलीत नेऊन तोंडावर पाणी मारलं. घरी आल्यावर मुलगा चिडला, तर हे शांतपणे म्हणाले, "मी थांबलो म्हणून पडलो. थांबलो का? तुझा फोन आला म्हणून. फोन कशाला केला होतास?" मुलाने फोन ‘पप्पा, उन्हात गाडी चालवू नका’ हे सांगायलाच केला होता.

म्हणून ती रविवारची मीटिंग. जावयांनी ठराव मांडला की बारा ते चार पप्पांनी गाडी काढायची नाही. सगळ्यांनी होकार दिला. मग हळूहळू एकेकाचं सुरू झालं. मिसेस म्हणाल्या, "बरोबर आहे. ह्यांना ऊन लागत नाही म्हणतात, एक दिवस उन्हालाच हे लागतील. फक्त माझं दळण तेवढं दुपारीच मिळतं हो, गिरणीवर गर्दी नसते." मुलगी म्हणाली, "हो, आणि शुक्रवारी लाइट जाते तेव्हा फ्रिजमधलं दूध इकडून तिकडे कोण नेणार?" ह्यांनी आडव्यानेच आठवण करून दिली की त्यांच्या बीपीच्या गोळ्या उल्हासनगरला स्वस्त मिळतात. मला माझी कुकरची रिंग आठवली, पण मी बोलले नाही. गेली काही वर्षं आमच्या दोन्ही घरांत ‘एवढ्या उन्हात कोण जाणार?’ हा प्रश्न म्हणून विचारलाच जात नाही. विचारायच्या आधी फोन लावलेला असतो.

शेवटी ठरलं की नुसतं सांगून भागणार नाही, चावीच घ्यायची. आणि ती मी घ्यायची. जावई म्हणाले, "आई, आमचं ते ऐकत नाहीत. तुम्हाला नाही म्हणणार नाहीत." हे खरं होतं. आमच्या मुलांचं लग्न विहारात साधेपणाने झालं. देणंघेणं नाही, रुसवेफुगवे नाहीत, मानपान नाही. पण व्याह्याने विहिणीचा शब्द मोडायचा नाही आणि विहिणीने व्याह्याला अवघडेल असं वागायचं नाही, एवढा मान दोन्हीकडून शिल्लक राहिलाच. त्या मानाच्या जोरावर मला हे काम मिळालं, आणि पुढे त्याच्यामुळेच ते अडकलं.

एवढ्यात जिन्यात पाण्याचे थेंब वाजले. व्याही गोणपाटात बर्फ घेऊन वर आले. अर्धा बर्फ रस्त्यातच वितळून पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. दारात उभे राहून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही पप्पा," मुलगी म्हणाली, "सरबताची वाट बघत होतो."

"मग तोंडं का अशी? घ्या, फोडा बर्फ." आणि खिशातून ह्यांच्या गोळ्या काढून ठेवल्या. त्या आणायला ह्यांनी कधी सांगितलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

मी काम लांबणीवर टाकत नाही. मंगळवारी ते आले तेव्हा पिशवी सोडलीच नाही. खिडकीतून म्हटलं, "दादा, वर या, चहा टाकलाय." ते आले. मी सरळ म्हटलं, "दादा, स्कूटरची चावी माझ्याकडे द्या. सगळ्यांना काळजी वाटते."

त्यांनी एका शब्दानेही वाद घातला नाही. खिशातून चावी काढली आणि दोन्ही हातांनी टीपॉयवर ठेवली. "तुम्ही म्हणताय तर घ्या." चहा निवायच्या आत काम झालं. मला वाटलं, लोक उगाच घाबरतात. चहा पिऊन ते उठले. पंचा डोक्याला गुंडाळला.

"निघतो मग, विहीणबाई."

"कसे जाणार?"

"चालत स्टेशनपर्यंत. मग मिळेल काहीतरी."

मी खिडकीतून पाहिलं. खाली आवारात चिटपाखरू नव्हतं, डांबर चकाकत होतं. भर दुपारी माझ्या दारातून माझा व्याही डोक्याला पंचा गुंडाळून पायी निघालाय, आणि त्याची गाडी माझ्याच जिन्याखाली उभी आहे. रिक्षाला ते बसणार नाहीत हे मला माहीत होतं. रिक्षा सिग्नलला थांबते.

"आजच्या दिवस घेऊन जा," मी म्हटलं. "उद्या आणून द्या."

"चालेल," ते म्हणाले.

माणूस शब्दाचा पक्का. दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर खाली हॉर्न वाजला. आवारात फेऱ्या मारत ते ओरडत होते, "विहीणबाई, चावी आणलीय!" वर आले, चावी टीपॉयवर ठेवली, चहा झाला, उठले, आणि पुन्हा तोच प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मी बाजारात गेले होते, तर शेजारणीकडे निरोप ठेवून गेले: चावी जमा करायला आलो होतो, आपण नव्हता, परत नेली आहे. रविवारी मी बदलापूरला गेले तर तिथे हजर. "तुम्ही इकडे आलात असं कळलं. म्हटलं, राहून नको जायला." चावी द्यायला म्हणून आता ते एकही दुपार चुकवत नव्हते. पूर्वी अधूनमधून एखादी तरी चुकायची. मी त्यांच्या मिसेसना फोन करून म्हटलं की गाडी तिकडेच ठेवून चावी तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, "नको ताई, माझ्याच्याने नाही होणार. मला दळण असतं."

असे दोन आठवडे गेले असतील. मग एका दुपारी हॉर्न वाजला नाही. मी सवयीने खिडकीत गेले, पाणी प्यायले, पुन्हा गेले. फोन लावला तर उचलेनात. पाचच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली, सावकाश. व्याही आले, खुर्चीत बसले, आणि पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"निघालो होतो बारालाच." ते पंख्याकडे बघत बोलत होते. "कॅम्पाच्या बाहेर आलो नाय तोच डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं. शेठच्या दुकानात जाऊन बसलो. आतापर्यंत. त्याने थादल दिलं, प्यायलो गुपचूप. त्याला सांगितलं, गाडी गरम झालीय."

"आणि एप्रिलात?"

"तेव्हा पण फोन येण्याआधीच पांढरं झालं होतं." मग म्हणाले, "ऊन लागतं हो मला. मागच्या वर्षापासून लागतंय. घरी नका सांगू, विहीणबाई."

"अहो, घरी सांगायला काय हरकत आहे? काळजी घेतील."

"काळजीच घेतील," ते म्हणाले. "मग कोणी मला काही आणायला सांगणार नाही."

मी भजी तळली.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला आणि बदलापूरला फोन केले. सांगितलं की सोसायटीच्या टाकीचं काम निघालंय, प्लंबरवर लक्ष ठेवायला भरवशाचा माणूस पाहिजे, तेव्हा दादा मला अकरा ते पाच लागतील. तुमची दळणं-गोळ्या काय असतील त्या सकाळी नाहीतर संध्याकाळी सांगा. कोणी हरकत घेतली नाही. जावई म्हणाले, "पण आई, चावीचं?" म्हटलं, चाललंय.

आता व्याही ऊन चढायच्या आत येतात. गाडी जिन्याखाली लावतात, चावी टीपॉयवर ठेवतात, स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला घालतात. मग आम्ही चिंचोके काढतो, लोणच्याच्या कैऱ्या फोडतो. ह्यांची आणि त्यांची पेपरवरून भांडणं होतात. मिसेसचा फोन आला की हातातला चिंचेचा गोळा खाली न ठेवता सांगतात, "आत्ता नाय जमत. विहीणबाईंचं अर्जंट काम चाललंय. उन्हातच उभा आहे." मी पंखा एक नंबरने कमी करते, आवाज जाऊ नये म्हणून. चिंच संपली. कैऱ्याही संपत आल्या आहेत. पुढच्या आठवड्यात काय काढायचं ते मी बघतेय. डाळी आधीच निवडून झाल्या आहेत, आणि एकदा निवडलेली डाळ त्यांच्यापुढे पुन्हा ठेवली तर ते ओळखतील.

पाच वाजले की ते उठतात, स्वेटर घालतात, चपला शोधतात. चावी टीपॉयवर असते. ते पाठमोरे असतात तेवढ्यात मी ती उचलून कपाटात टाकावी, एवढंच काम. मी उचलतेही. मग ते वळतात आणि हात पुढे करतात. मी चावी त्यांच्या हातावर ठेवते आणि पोचल्यावर फोन करा म्हणून सांगते.

रविवारच्या मीटिंगमधली बाकीची कामं झाली. चावी घ्यायची राहिली आहे.