साहेबांनी न घेतलेला निरोप

आधीच कबूल करतो, हा लेख मी टाळत होतो. गौरवग्रंथाच्या समितीने मागितला तेव्हा ‘देतो’ म्हणालो आणि पाचगणीला स्ट्रॉबेरीची गाडी भरायला निघून गेलो. नंतर फोनच उचलला नाही. विद्वानांच्या पंगतीत आपण काय लिहिणार? पण सर्जेराव इंगवले साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि छापखाना अडून बसला आहे. म्हणून आज सांगलीत, साहेबांच्याच ओसरीवर बसून लिहितो आहे.

साहेब साताऱ्यात पोलीसप्रमुख होते तेव्हाची ही ओळख. मी मंडपवाल्याकडे हरकाम्या होतो. एका सकाळी मालक म्हणाले, “साहेबांची जीप झेंडूनं मढीव. निरोप हाय.” अधिकारी बदलून निघाले की त्यांना फुलांच्या जीपमध्ये बसवायचे आणि शिपायांनी ती दोर लावून ओढायची, ही आपल्याकडची रीत. मी माळा बांधू लागलो. वाईकडचा झेंडू काय टिकतो म्हणून सांगू! पण ते असो. साहेबांचे चालक हवालदार शेजारीच उभे होते.

“साहेबांची बदली कुठं झाली?” मी विचारले.

“कसली बदली? हुकूम न्हाई, काय न्हाई. साहेबांनी आपणहून रजेवर जावं म्हणून दादासाहेबांनी निरोपच ठेवलाय, गड्या.”

दादासाहेब म्हणजे तिथले वजनदार पुढारी. त्यांच्या पुतण्याने भरधाव गाडीने ऊसतोडीच्या एका बाईंना उडवले होते. बाईंचा पाय गेला. त्यांचा जबाब व्हायचा होता, आणि साहेब खुर्चीवरून उठले असते तर तो कधीच झाला नसता.

“तब्येतीमुळं आपले साहेब विश्रांती घेत आहेत,” असे माइकवर जाहीर करून दादासाहेबांनी फेटा बांधला. साहेबांनी मान झुकवून तो बांधून घेतला. मग माइक हातात घेतला.

“दादासाहेब, माझी तब्येत माझ्या घरच्यांच्या आधी तुमाला कळती, लय माया हाय तुमची. पण मी ठणठणीत हाय. सत्कार घेतला, निरोप न्हाई.”

साहेब खाली उतरले, शिपायांना म्हणाले, “दोर सोडा रं, कामाला लागा,” आणि जीपमध्ये बसले. मालकांनी मला ढकलले, “माळा परत आण!” म्हणून मी मागे चढलो.

जीप थांबली ती थेट कराडच्या दवाखान्यात. त्याच सकाळी डॉक्टरांनी बाईंना बोलायची परवानगी दिली होती, तपास अधिकारीही येऊन थांबले होते. खाटेवरून बाईंनी फेटा पाहिला.

“आवं, लगीन सोडून आलात का काय?”

“व्हय मावशी. तुमचं बोलणं झाल्याबिगर अक्षता न्हाईत. सांगा.”

बाई हसल्या, मग रडल्या, मग सगळे सांगितले.

खटला कोर्टात उभा राहिला तेव्हा बदलीचा खरा हुकूम आला. त्या दिवशी ना मंडप होता ना फुले. साहेब स्वतःच सामान उचलून निघाले, आणि आम्ही चारदोन जण रस्त्याच्या कडेला नुसते उभे होतो. ती सकाळ अजून आठवते.

दवाखान्यातून परतताना साहेबांनी मला विचारले होते, “गाडी येती का रं?” मी म्हणालो, “येती की. लायसन तेवढं न्हाई.” हे मी सांगत होतो पोलीसप्रमुखांना! साहेब पोट धरून हसले. मग त्यांनी मला रांगेत उभे राहून, कुणाचीही ओळख न सांगता लायसन काढायला लावले. आज ट्रकवर पोट आहे. इकडून जाताना वळलो की साहेब आधी विचारतात, “जेवलास का?” आईनंतर हे विचारणारे मला दुसरे कुणी नाही.

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य मिळो. गुडघ्यांनी त्यांचे ऐकावे आणि कृष्णाकाठची रोजची फेरी कधी चुकू नये. त्यांच्या शिस्तीवरही लिहायचे होते, पण फाटक वाजले. दादासाहेबांचा तोच पुतण्या आला आहे, शिक्षा भोगून सुटलेला, एकटाच. मी उठेपर्यंत साहेब पायऱ्या उतरले आहेत.

“उन्हात का उभा? आत ये.”

तो तिथूनच म्हणतो आहे, “साहेब, त्या मावशींच्या पाया पडायला जायचंय. गाव तेवढं सांगा.”

साहेब चपला शोधत आहेत. लेख इथेच थांबवतो.