पाठीवरची पिन

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बंगलोरहून विमानाने मुंबईला येताना माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ पायांत पॅराशूटची बॅग धरून बसलेले. तपासणीत पोलिसाने तिच्या हँडलला हात घातला, तेव्हा हेच ओरडले होते, "ओढू नका, इथेच उघडेल!" रांगेत मागून कोणी म्हणालं, "काका, विमानावर भरवसा नाही काय?" सगळे हसले. तेही हसले, सवयीने.

ते डोंबिवलीचे, मी कळव्याचा, म्हणून बोलणं निघालं. मधूनमधून ते बॅग थोपटत होते.

"छंदच आहे उड्यांचा. पॅराशूटची घडी माझी मीच घालतो, बिल्डिंगच्या गच्चीवर. पण ते बंद ठेवणारी पाठीवरची पिन उडीआधी दुसऱ्याने बघायची असते. आपली आपल्याला दिसत नाही ना."

"घरी कोण कोण?"

"मीच."

मुंबईला उतरल्यावर त्यांनी बॅग पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"जरा बघता का हो?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी मी वरचं कापड उचललं, पिनेला बोट लावलं आणि म्हटलं, "ठीक आहे."

त्यांनी समाधानाने मान हलवली. जायचं होतं फक्त डोंबिवलीला.