एक्केचाळीस नंबरची कुपी

इबादानच्या विषाणू प्रयोगशाळेत मोरादेके अठ्ठावीस वर्षं पेशी सांभाळत होती. गुलाबी पाण्यावर जगणाऱ्या आणि ते बदलायचं चुकलं की मान टाकणाऱ्या पेशी. मुलीच्या नावावरून सगळे तिला इया बोसे, म्हणजे बोसेची आई म्हणत. ईस्टरलाही ती सकाळी पाणी बदलून मगच चर्चला जाई. सासू म्हणायची, घरच्या कोंबड्या हिला आठवत नाहीत, पण त्या बशीतल्यांना कधी उपाशी ठेवायची नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी डॉ. अकिनलाबी तिथं नव्यानं रुजू झाले आणि त्यांनी फ्रीजरमध्ये कुप्यांत जपलेल्या, आतड्यात वाढणाऱ्या जुन्या विषाणूंवर एक औषध तपासायला घेतलं. हे विषाणू लहान मुलांच्या शौचातून मिळालेले. बहुतेक मुलांना त्यांच्यामुळे नुसता ताप येई, एखाद्याचा मात्र पाय लुळा पडे. औषध विषाणूच्या कवचातल्या खोबणीत जाऊन बसे, मग कवच उघडत नसे आणि पेशी वाचत. साठ कुप्यांपैकी एकोणसाठ अशाच वागल्या. एक्केचाळीस नंबरच्या बशीत मात्र तिसऱ्या दिवशी पेशी गोल होऊन, तळापासून सुटून मेल्या आणि तरंगायला लागल्या.

"इया बोसे, औषध घालायचं राहिलं असेल. वयानं होतं असं," डॉक्टर म्हणाले.

मोरादेकेनं प्रयोग पुन्हा केला. तिसऱ्यांदा डॉक्टरांना शेजारी बसवून औषध त्यांच्याच हातानं घालायला लावलं. पेशी पुन्हा मेल्या. डॉक्टरांनी कान पकडले.

"ते राहू द्या. हा असा का, ते सांगा," ती म्हणाली.

मग विषाणूची जनुकं वाचून घेतली. साडेसात हजार अक्षरांत खोबणीच्या जागचं एक अक्षर वेगळं होतं. तेवढ्यानं खोबणीच्या भिंतीत बारीक विटेच्या जागी जाड वीट बसली होती, औषधाला शिरायला जागाच उरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हा औषधाला सरावलाय.

मोरादेकेनं जुनी वही काढली. एक्केचाळीसचा नमुना २००३चा. ओयोकडच्या एका खेड्यातून तिनंच मोटरसायकलवर बर्फाच्या डब्यातून आणलेला.

"हे औषध इथं आजवर कुणी बघितलेलं नाही, डॉक्टर. मग हा सरावला कशाला?"

तिनं त्याच खेड्यातले, त्याच जातीचे आणखी दोन नमुने शोधले. १९९८चा औषधानं मुकाट्यानं दबला. २००१च्या कुपीत दोन्ही निघाले, रुंद खोबणीचे आणि अरुंद खोबणीचे, एकत्र. विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुकतो. अशीच एक चूक झाली होती, त्या चुकीनं विषाणूचं काही अडलं नाही आणि ती टिकली. औषधाचा काही संबंधच नव्हता. नक्कल करण्याचं कामच थांबवणारं दुसरं औषध दिल्यावर एक्केचाळीस नंबरही दबला. अहवालात मोरादेकेचं नाव तिसरं आलं.

तरी तिला चैन पडेना. एका शनिवारी ती त्या खेड्यात गेली. नमुना जिचा होता ती फोलाशादे आता शिवणकाम करत होती. एक पाय किंचित बारीक होता, पण मशीन त्याच पायानं चालवत होती. मोरादेकेनं तिला सगळं सांगितलं.

"तो अजून जिवंत आहे?" फोलाशादेनं विचारलं.

"फ्रीजरमध्ये आहे."

"बघता येईल?"

"तो दिसत नाही. त्यानं केलेलं दिसतं."

पुढच्या आठवड्यात फोलाशादे इबादानला आली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक्केचाळीसच्या बशीतल्या तरंगत्या पेशी बघत बसली. मग तिनं विचारलं की शेजारच्या, विषाणू न घातलेल्या बशीतल्या पेशी तळाला चिकटून का आहेत. मोरादेकेनं स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसून सांगायला लागली.