बिनरुमालाची जागा

जाफराबादहून राजूरमार्गे जालन्याला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांमध्ये कचरूची जीप ओळखायला सोपी. तिच्या आरशाला रंगीबेरंगी रुमालांचा झुबका लटकलेला असतो. परक्या माणसाला वाटावं, ह्या ड्रायव्हरला जन्मभराची सर्दी आहे. तसं काही नाही. वाटेवरच्या गावांतून फोन येतो, "कचरूभाऊ, एक जागा धरा," आणि कचरू झुबक्यातला एक रुमाल ओढून रिकाम्या सीटवर टाकतो. रुमाल पडला की जागा धरली गेली. मग खुद्द सरपंच आला तरी त्यानं मागच्या दाराला लोंबकळावं.

हा सगळा कारभार कचरूच्या मोबाइल नंबरावर उभा. नंबर जीपच्या पाठीवर रंगवलेला, आणि वाटेवरच्या कितीतरी घरांत भिंतीवर कोळशानं लिहिलेला. पण तो नंबर ज्या सिमकार्डात राहायचा, त्याचे हाल विचारू नका. कचरूच्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायची. मग तो सिम काढून शेजारच्या प्रवाशापुढे धरायचा, "जरा तुमच्या मोबाइलात टाका हो, राजूर येईपर्यंत." प्रवासीही बिनतक्रार टाकायचा. असं ते सिम अर्ध्या तालुक्याच्या फोनांत मुक्काम करून आलं होतं. कधी उतारूबरोबर त्याच्या घरी गेलं, एकदा तर कुणाच्या मेव्हण्याच्या लग्नाला जाऊन, जेवूनखाऊन परत आलं.

शेवटी कचरूच्या मुलीनं, प्रीतीनं, पुण्याहून नवा फोन पाठवला आणि निकाल दिला, "पप्पा, आता ई-सिम."

"म्हंजे?"

"म्हणजे कार्डच नसतं. फोनच्या पोटात चिप आधीच बसवलेली असते. तिच्यावर आपला नंबर उतरवायचा. काढायचं नाही, हरवायचं नाही, लोकांच्या लग्नाला पाठवायचं नाही."

"अन् मंग हातात काय राह्यतं?"

"काहीच नाही."

हे उत्तर कचरूला बिलकुल पटलं नाही. चिमटीत धरता येत नाही अशा वस्तूवर धंदा कसा ठेवायचा? आणि धंद्याचं एक वेळ राहू द्या, साळूबाईचं काय? साळूबाई जाफराबादची, नात्याची नाही, पण कचरू तिला मावशी म्हणतो. आठवड्यातून दोनदा ती जालन्याला डायलिसिसला जाते. ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा तिची. दवाखान्यातून सुटली की ती फोन करते आणि कचरू जीप थेट फाटकाशी नेतो, कारण त्या वेळी तिच्या अंगात स्टँडपर्यंत चालायचंही त्राण नसतं. नंबर बुडाला तर म्हातारीनं हाक कुणाला मारायची?

पण प्रीतीपुढे कचरूचं चालत नाही. तिनं पुण्यातून अर्ज केला, कंपनीकडून चौकोनी ठिपक्यांचा कोड आला, आणि जाफराबादच्या सूरजनं तो आपल्या मोबाइलच्या दुकानात छापून दिला.

"भाऊ, दुकान बंद करून राह्यलो," सूरज म्हणाला. "उद्या नवा फोन घेऊन या. ह्यो कोड तुमच्या फोननं स्कॅन केला की नंबर आत उतरला."

कचरूनं यातलं अर्धंच ऐकलं. कागद हातात पडताच त्याचा जीव भांड्यात पडला होता. म्हणजे सिम आहे तर! कार्डाचा कागद झाला, एवढंच. पोरीला नीट सांगता आलं नाही. त्यानं कागद प्लास्टिकात मढवला आणि जीपमध्ये गणपतीच्या फोटोखाली, भाड्याच्या पैशांचा कोड होता त्याच्या शेजारी, अंगठ्यानं दाबदाबून चिकटवला. भाड्याचा कोड उन्हानं विटलेला. नवा मात्र कसा ठसठशीत!

दुसऱ्या दिवशी राजूरला राधेश्याम चढला. हा एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कंपनीत साहेब. फोन भारी, स्वभाव घाईचा. जालन्यात उतरताना त्यानं ठसठशीत कोडावर पैसे भरायचं ॲप धरलं. ॲप म्हणालं, कोड चुकीचा. मग त्यानं नुसता कॅमेरा धरला. फोननं काहीतरी विचारलं. ते न वाचता आपण सगळे जे करतो तेच राधेश्यामनं केलं : हो, हो, पुढे, हो.

"झालं का, सायेब?"

"झालं. बरोबरची खूण आली."

दोघंही समाधानानं आपापल्या वाटेनं गेले.

त्यानंतर कचरूचा जुना फोन मुका झाला. दुपारच्या फेरीला एकाही गावातून फोन नाही. सगळे रुमाल आरशालाच. आज कुणालाच कुठं जायचं नाही की काय? मग त्यानं घड्याळ पाहिलं. मावशीची सुटायची वेळ टळून गेली होती. त्यानं जालन्याच्या स्टँडवर भरत आलेली जीप तशीच दवाखान्याकडे पिटाळली. आतले प्रवासी ओरडत राहिले.

फाटकाशी साळूबाई कठड्याला टेकून बसली होती. शेजारी राधेश्याम, एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात नारळपाणी, आणि कानखांद्यात धरलेला फोन.

"आला गं बाई मुडदा!" साळूबाई म्हणाली. "तुला फोन लावला, तर ह्यो सायेब बोल्ला. मला वाटलं तुला भूतबाधा झाली."

"सकाळपासून लोक मला जागा मागतायत!" राधेश्याम म्हणाला. "मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्ये मी दोन सीट धरल्या. मग आजींचा फोन आला. आवाज ऐकला, आणि रिक्षा करून आलो."

कचरू खाली उतरला. त्यानं मावशीला धरून तिच्या जागेवर बसवलं, राधेश्यामलाही कोंबलं. तो कोड स्कॅन करताच कचरूचा नंबर आपल्याच फोनात कसा उतरला, ते राधेश्यामनं वाटेत उलगडून सांगितलं, तसा कचरू उसळला.

"तेच म्हनलं होतं मी! मला जुनं कार्डच पाह्यजे. हातात धरता येत न्हाई त्याचा काय भरवसा?"

साळूबाईचे डोळे मिटलेलेच होते. "कचऱ्या, ह्या माझ्या जागेवर तू रुमाल कवा टाकतो रे?"

"तुमच्या? न्हाई टाकत."

"मंग बसलं का कुनी कवा?"

कचरूनं आरशात पाहिलं. मागं माणसावर माणूस बसला होता. मावशीच्या जागेकडे आजवर कुणी नजरसुद्धा टाकली नव्हती. त्यानं गिअर बदलला.

"सायेब, जरा माझ्या पोरीला, प्रीतीला लावा. म्हना, दुसरा कोड पाठव जल्दी. अन् सूरजला सांग, बाप येईपर्यंत दुकान बंद करू नको."

राधेश्याम नंबर लावणार तोच फोन वाजला. वाटेवरून कुणीतरी जागा मागत होतं. राधेश्यामनं सराईतासारखा हात वर केला आणि आरशाचा एक रुमाल ओढला.