तळकाका

"वरून सगळ्याच कुकीज देखण्या असतात, जरा एक उलटी करून दाखवा."

'गरम ट्रे' या ऑनलाइन ग्रुपवर आल्या आल्या त्यांनी हे एका अनोळखी बाईंना लिहिलं होतं. बाई बस चालवायच्या; चिडतील असं वाटलं, पण त्यांनी मुकाट्याने करपलेल्या तळाचा फोटो टाकला. तेव्हापासून तळ बघितल्याशिवाय कौतुक करायचं नाही असा तिथे नियमच होऊन गेला, आणि यांचं नाव पडलं तळकाका.

चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढले. माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, बरगड्या राहत. निवृत्तीनंतर लेकीने ओव्हन घेऊन दिला. अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्या पिवळ्या काचेपुढे बसलं की त्यांना आपल्या जुन्या खोलीत आल्यासारखं वाटे.

मग एका तापात वास गेला, आणि वासामागोमाग चव. ताप आठवड्यात उतरला. ती दोघं परतलीच नाहीत. लोणी म्हणजे मेण, साखर म्हणजे वाळू. तीन वर्षं हे फक्त लेकीला ठाऊक होतं. ग्रुपवर ते नेहमीसारखेच लिहीत राहिले: खालून जास्त तापतंय, ट्रे एक कप्पा वर घ्या. दिवसाला वीसेक माणसं त्यांना विचारत. त्या ग्रुपबाहेर त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

अशात सगळ्यांनी भेटायचं ठरवलं. प्रत्येकाने आपला डबा आणायचा, परीक्षक तळकाका.

"बाबा, सांगून टाका ना," लेक म्हणाली. "फासावर देणारेत का?"

"चव कळत नाही म्हटल्यावर कोण विचारेल मला?"

"मी विचारते की रोज, जेवलात का म्हणून."

"ते वेगळं."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत लांब टेबलावर अकरा डबे होते. काकांच्या हातात एक्स-रे बघायचं जुनं भिंग. प्रत्येक कुकी ते उलटी करत, भिंग लावत, कानाजवळ मोडत आणि घास चावून मान हलवत. कुणाला शंका आली नाही. सातवा डबा त्या बसवाल्या बाईंचा. तळ मधासारखा, एकसारखा, कडेला एक डाग नाही. काकांनी अख्खी कुकी खाल्ली.

"उरलेले चार न बघताच सांगतो, पहिला नंबर. असा तळ मी बघितला नाही."

टाळ्या झाल्या, सगळ्यांनी डब्यात हात घातले, आणि तोंडं वाकडी झाली. ग्रुप चालवणारा औषध-दुकानदार तोंड दाबून खिडकीकडे धावला.

"काका, हा साबण आहे हो!"

बाईंनीही एक चावली. "अगं बाई! सोडा दोनदा पडला. पहाटेच्या फेरीच्या घाईत चाखलंच नाही मी."

जादा सोड्याने रंग झकास चढतो आणि चवीचं मातेरं होतं, हे काकांनीच ग्रुपवर दहादा लिहिलं होतं. आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. आपल्याला कुणीतरी एक्स-रे बघायच्या प्रकाशाच्या पेटीवर लावलंय, असं त्यांना वाटलं.

"मला तीन वर्षं वास येत नाही," ते म्हणाले. "चवही नाही. मी नुसतं बघतो."

"म्हणजे माझ्या कुकीज तुम्ही नुसत्या डोळ्यांनी सुधारल्यात?" बाईंनी विचारलं.

"आज फसलो ना."

"सोडा मी टाकला, तुम्ही नाही." बाईंनी आठवा डबा पुढे ओढला. "चला, तुम्ही मोडा, चव मी सांगते. मला दुपारची फेरी आहे."

"आधी चूळ भरा," दुकानदार ओरडला, "नाहीतर सगळ्याच कुकीज साबणासारख्या लागतील!"

आठव्याचा मधला भाग कच्चा निघाला. नवव्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. दहाव्यात दालचिनी होती.

"कशी लागतेय?" काकांनी हळूच विचारलं.

बाई म्हणाल्या, "थंडीत बस सुरू केल्यावर पायाशी पहिली ऊब येते ना, तशी."

काकांनी पुन्हा एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

डबे आवरताना बाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येणार ना? की तोंड लपवून बसणार?"

काकांनी भिंग रुमालाने पुसलं. ते बाईंच्या डब्यात त्या देखण्या, साबणी कुकीजवर ठेवलं, झाकण नीट दाबून बसवलं, आणि "पुढच्या महिन्यात येताना घेऊन या," म्हणत जिना उतरून गेले.